पैसे किती दिवसांनी येतात, ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याचा अर्थसंकल्प जवळ आला की आपल्या दैनिकात ‘उद्योजकांना काय वाटतं’ असं पान येतं. वर पासपोर्ट फोटो, खाली चार ओळी. यंदा त्या पानासाठी आपल्या एका तरुण वार्ताहराचा मला फोन आला. ‘काका, राज्याची आर्थिक स्थिती कशी वाटते? एका वाक्यात सांगा.’ मशीन चालू होतं, नीट ऐकू येत नव्हतं. ‘बरी आहे की,’ म्हणालो आणि फोन ठेवला. छापून आलं ते असं : ‘राज्यातील उद्योगस्नेही वातावरणामुळे लघुउद्योजकांमध्ये समाधान.’ पोराचा दोष नाही. दोष प्रश्नाचा आहे, म्हणून हे पत्र.

कुपवाड एमआयडीसीत माझी शेड आहे. दोन सीएनसी, एक जुना लेथ, मी धरून सात माणसं. पंपांचे शाफ्ट आणि बुश करतो. बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ‘राज्याची स्थिती कशी आहे’ हे मला पुष्कळांनी विचारलं. ‘तुझे पैसे किती दिवसांनी येतात’ हे विचारणारे दोघंच, माझी बायको आणि बँकेचा मॅनेजर.

फोननंतर दोन-तीन दिवस मी वार्ताहराचाच प्रश्न, राज्याची स्थिती कशी वाटते, इतरांना विचारत फिरलो. आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्या मामांपासून सुरुवात केली. मामा राज्याचं काही बोलले नाहीत. ‘रात्रपाळीला पूर्वी तीन किटल्या जायच्या, आता दीड जाते,’ एवढंच म्हणाले. माझ्या मते आपल्या पानावर फोटो मामांचा हवा होता. कुठल्या शेडला रात्रपाळी बंद झाली, कुणी चार माणसं कमी केली, हे त्यांना आमच्या सीएच्या आधी कळतं.

शेजारचा फॅब्रिकेशनवाला सरकारी कामं घेणाऱ्या ठेकेदारांना पाण्याच्या टाक्यांच्या शिड्या, जाळ्या, गेट करून देतो. त्याच्या हिशेबाने राज्य बुडालंय. ठेकेदाराचं बिल सरकारकडे अडकलंय आणि ह्याचं ठेकेदाराकडे. त्याच संध्याकाळी मिरजेला भावजयीच्या दुकानात गेलो. ती ड्रेस मटेरियल आणि गाऊन विकते. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे दीड हजार सुरू झाले, आणि ते खात्यावर जमा होतात त्या आठवड्यात तिच्या काउंटरला गर्दी असते. ‘भावजी, बायका आता नवऱ्याला न विचारता घेतात,’ ती म्हणाली. तिच्या लेखी राज्य झकास चाललंय. दोघांचा पैसा शेवटी एकाच तिजोरीतून निघतो. एकाच्या दारात तो पोचतो, दुसऱ्याच्या वाटेत अडकतो. आता ह्या दोन उत्तरांची सरासरी काढून आपण काय छापणार?

गणपती पेठेतला माझा मित्र किराणा होलसेलमध्ये आहे. त्याला विचारलं, पुढचे सहा महिने कसे जातील? तो म्हणाला, ‘हे मला दिवाळीनंतर विचार, हसून सांगतो. जूनमध्ये विचारलंस तर मी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे बघेन.’ २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. त्याच्या दुकानात साखरेचा पाक झाला होता. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा पाणी. तेव्हापासून दर आषाढात तो पोती वरच्या मजल्यावर चढवतो आणि खाली आणतो. ती हमाली त्याच्या नफ्यातून जाते आणि कुठल्याच पाहणीत दिसत नाही. म्हणजे उत्तर माणसावर असतं तसं महिन्यावरही असतं.

एक गंमत सांगतो. ज्याचा पक्ष सत्तेत, त्याला राज्य बरं दिसतं आणि स्वतःचा धंदा मात्र ‘जरा मंदा’. ज्याचा पक्ष बाहेर, त्याचं राज्य रसातळाला गेलेलं असतं आणि तो परवा नवीन गाडीचे पेढे वाटून गेलेला असतो. हे मी आमच्या कट्ट्यावर आजच नव्हे, वीस वर्षं बघतोय.

मोठे आकडे मला कळत नाहीत असं नाही. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत राज्याची वाढ ७.३ टक्के आणि देशाची ६.५ टक्के धरली होती. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला सुमारे पावणेसोळा लाख कोटींचे करार झाले, तेही वाचलं. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण माझ्या शेडपर्यंत त्या वाढीचं आलं ते एवढंच, की आयटीआय करून माझ्याकडे दोन वर्षं शिकलेला पोरगा चाकणला गेला. गेला ते बरंच झालं, त्याला तिथं पगार जास्त आहे. इथं मात्र त्याच्या मशीनवर सध्या मी उभा आहे.

तर मूळ मुद्दा दिवसांचा. समजा मी पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीला, एक लाखाचा माल दिला. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल १ लाख १८ हजारांचं. पैसे आलेले नसतात, पण बिल फाडलंय म्हटल्यावर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरावा लागतो. स्टीलच्या खरेदीत आधीच भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा करूनही सात-आठ हजार खिशातून जातात. पगार सात तारखेला, वीजबिल त्याच्या तारखेला, आणि व्यवसाय कर माणशी दोनशे (फेब्रुवारीत तीनशे, का ते आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही). हे सगळं सीसी खात्यातून, म्हणजे बँकेने धंद्यासाठी दिलेल्या उचलीतून, निघतं. त्यावर साडेदहा टक्के व्याज. हे बिल ९४ दिवसांनी आलं, तर त्याच्यावरचं व्याजच जवळपास ३,२०० रुपये. एक लाखाच्या कामात मला सुटतात सात हजार. म्हणजे निम्मा नफा वाट बघण्यातच जातो. ९४ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. माझ्या वहीतलं शेवटचं आलेलं बिल तेवढ्याच दिवसांचं आहे.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० टक्क्यांवरून ५.२५ वर आणला, त्याच्या बातम्या झाल्या. व्यापारी बँकांची आमच्यासारख्यांना दिलेली बदलत्या दराची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, त्यांचा हप्ता उतरला. माझं खातं सहकारी बँकेत. तिथला दर तिथलं संचालक मंडळ ठरवतं, आणि त्यांना अजून घाई झालेली नाही. ‘मग बँक बदला की,’ असं मुलगा म्हणतो. पण एका दिवाळीला पार्टीचा चेक लटकला होता, तेव्हा बोनसपुरतं लिमिट ह्याच मॅनेजरने फोनवर वाढवून दिलं होतं. अशी गोष्ट कुठल्या दराला जोडायची?

कायदा आहे, हे मला माहीत आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ते व्याज मागणारा मी अजून पाहिलेला नाही. मागितलं तर पुढची ऑर्डर कुठून येणार? वर ४५ दिवस मोजायचे कधीपासून, हाही खेळच. माल स्टोअर्सच्या दारात आठ तारखेला उतरतो, चलनावर शिक्का बसतो, आणि कॉम्प्युटरवर आवक पडते अठ्ठावीसला. पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तो दिवस धरायचा, असं कायद्यात स्पष्ट आहे. हे एका पर्चेसवाल्याला मी एकदा वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘काका, तुमचा अभ्यास चांगला आहे.’

मग प्राप्तिकरात ४३ बी (एच) हे कलम आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. मार्च २०२४ मध्ये आमच्या एमआयडीसीत अक्षरशः दिवाळी झाली, कधीपासून रखडलेली बिलं आठवड्यात निघाली. एका पार्टीने मात्र मला गोडीत सुचवलं, ‘ते उद्यम रजिस्ट्रेशन काढून टाकता येतंय का बघा, म्हणजे तुम्हाला काम देणं आम्हाला सोपं जाईल.’ उद्यम म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंदणी. मी ती रद्द केली नाही. काम कमी झालं. आणि कलमाची गोम अशी, की ३१ मार्चच्या आत पैसे चुकते केले तर मे महिन्यातलं बिलही त्यांना त्याच वर्षी खर्चात धरता येतं. त्यामुळे एप्रिल ते जानेवारी जुनं रहाटगाडगं, आणि मार्चमध्ये एकदम आठवण. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला फोन करा, अख्खं कुपवाड सांगेल की राज्य उत्तम चाललंय. मार्केट यार्डातल्या माझ्या हळदवाल्या मित्राला तेवढंही नाही. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी २०२१ पासून होते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही.

म्हणून आपल्याला सुचवतो, की पुढच्या वर्षी ते पान काढाल तेव्हा फोटो कमी करा आणि प्रत्येकाला एकच आकडा विचारा. शेवटचं बिल किती दिवसांनी आलं? फॅब्रिकेशनवाला, भावजय, यार्डातला मित्र, मी, सगळे सांगू शकतील. त्यात पक्ष येत नाही आणि एका वाक्यात बसतं. दरवर्षी त्याच महिन्यात विचारा, शक्यतो मार्च-एप्रिल सोडून. पाच वर्षांचे आकडे ओळीने छापले तर सांगलीचं कसं चाललंय ते वाचकांना दिसेल, आणि मलाही.

मात्र हा प्रश्न विचारायला सुरुवात केलीत तर माझी पंचाईत होणार आहे, तेही लिहून टाकतो. आमच्याकडे टूल ग्राइंडिंग करून देणारा एक जण स्कूटरवरून येतो. एकच मशीन, घराच्या पडवीत. ड्रिल आणि कटर घासून फडक्यात गुंडाळून आणतो, टेबलावर ठेवतो, पाणी मागतो, पंखा, देवाचा फोटो बघत थोडा वेळ उभा राहतो. पैसे कधीच मागत नाही. गेल्या मंगळवारी आला होता. ‘पार्टीचं आलं की लगेच करतो,’ म्हणालो, तर ‘असू दे की मालक’ म्हणून गेला. त्याचं बिल माझ्या टेबलामागच्या तारेला अडकवलेलं आहे. हे पत्र लिहिता लिहिता उठून तारीख बघितली. ७१ दिवस झालेत.

आपला,
एक लघुउद्योजक
कुपवाड एमआयडीसी, सांगली