आमदारांच्या उन्हाळी कामाचा हिशेब 1 मेच्या ग्रामसभेत मांडला जावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर लोकप्रतिनिधींच्या उन्हाळी उपक्रमांच्या बातम्या सुरू होतात. बसस्थानकासमोर पाणपोईचे उद्घाटन होते, स्वखर्चातून टँकर सोडले जातात, आमदार चषकाचे क्रिकेट सामने भरतात, सामुदायिक विवाह सोहळे आणि नेत्रतपासणी शिबिरे पार पडतात. यातले काहीच वाईट नाही. उन्हात तहानलेल्याला पाणी देणे किंवा गरिबाघरच्या मुलीच्या लग्नाचा भार हलका करणे याला कोणी नावे ठेवू नयेत, मीही ठेवत नाही. मात्र आमदाराने उन्हाळ्यात आपल्या मतदारसंघासाठी काय केले याचे मोजमाप एवढ्यावरच होऊ लागल्यामुळे खरे काम कोणी केले आणि कोणी टाळले हे कळण्याची सोयच उरलेली नाही, असे माझे मत आहे. मी मराठवाड्यातील बालाघाट डोंगरपट्ट्यातील एका गावात राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे आणि गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे काम पाहतो, त्यामुळे हा विषय मला जवळून माहीत आहे.

उन्हाळा हाच आमदाराच्या कामाचा खरा हंगाम असतो आणि त्याला कारणे आहेत. विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चमध्ये आटोपते आणि पावसाळी अधिवेशन बहुधा जूनअखेरीस किंवा जुलैत भरते, त्यामुळे मधले अडीच-तीन महिने आमदार मुंबईत अडकलेले नसतात. एक एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू होते आणि स्थानिक विकास निधीची पाटी कोरी होते. हा निधी 2022 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात दर आमदारामागे वर्षाला 4 कोटींवरून 5 कोटी रुपये करण्यात आला. विधानसभेच्या 288 सदस्यांचा एकत्र विचार केला तर ही रक्कम वर्षाला 1,440 कोटी रुपये होते, विधान परिषदेचे 78 सदस्य वेगळेच. खासदारांनाही वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात.

हा पैसा आमदाराच्या हातात येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आमदार फक्त शिफारसपत्र देतात. त्यानंतर कार्यान्वयन यंत्रणा अंदाजपत्रक तयार करते, तांत्रिक मान्यता होते, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात आणि मग निधी वितरित होतो. या साखळीला काही महिने सहज लागतात, म्हणून शिफारस एप्रिल-मेमध्ये गेली तर काम दिवाळीपर्यंत उभे राहण्याची आशा असते, आणि तीच शिफारस डिसेंबरात गेली तर मार्चअखेरची धावपळ ठरलेली असते. मार्चअखेरच्या धावपळीत कोणती कामे निघतात हे गावोगाव दिसते आहे. ज्याला जागा लागत नाही, वाद होत नाही आणि अंदाजपत्रक तयारच असते असे काम निघते: हायमास्ट दिवा, पेव्हर ब्लॉक, सिमेंटची बाके, देवळापुढचा सभामंडप. आमच्या गावच्या चौकात हायमास्टचा खांब उभा आहे, त्याचे दिवे गेल्या पावसाळ्यापासून बंद आहेत, कारण तो लावणाऱ्याचे काम संपले आणि वीजबिल कोणी भरायचे यावर ग्रामपंचायतीत एकमत झाले नाही. खांबावरची नावाची पाटी तेवढी अजून शाबूत आहे. त्याच चौकातून उजवीकडे शंभर पावलांवर सार्वजनिक विहिरीचा कठडा दोन वर्षांपासून ढासळलेला आहे आणि त्याचे अंदाजपत्रक करायला कोणी आलेले नाही.

आता टँकरबद्दल. ग्रामीण भागात टँकरने पाणी देताना माणशी दिवसाला 20 लिटर हा शासनाचा निकष आहे. दुसरीकडे 2019 पासून सुरू असलेल्या जलजीवन मिशनमध्ये घरच्या नळाला माणशी 55 लिटर देण्याचे उद्दिष्ट आहे, आणि त्याची 2024 ची मुदत आता 2028 पर्यंत वाढलेली आहे. आमच्याकडे नळ आले, तोट्याही बसल्या, पण ज्या विहिरीवरून पाणी उचलायचे ती उद्भव विहीरच फेब्रुवारीत तळ गाठते. मग टँकर येतो आणि त्याच विहिरीत रिता केला जातो. टँकरचा पाइप विहिरीत सुटला की तळाचा गाळ ढवळून वर येतो, पाणी गढूळ होते, आणि तरीही बाया पोहरे सोडतात, कारण निवळेपर्यंत थांबले तर आपल्या वाट्याला काही उरणार नाही हे त्यांना माहीत असते. सरकारी टँकरला निदान जीपीएस असते, लॉगबुक असते, त्यावर गावातल्या महिलांच्या सह्या घेण्याची पद्धत आहे. आमदारांच्या नावाने येणाऱ्या टँकरला यातले काही नसते. पाणी कोठून भरले, त्यात क्लोरीन टाकले का, उद्या येणार का, हे विचारायचे तरी कोणाला? फुकटच्या पाण्याबद्दल विचारणे आमच्याकडे कृतघ्नपणाचे समजले जाते. शिवाय असा टँकर कोणत्या वस्तीवर आधी जातो हे सांगायला निवडणुकीचे बूथनिहाय आकडे पुरेसे असतात, असे लोक उघड बोलतात. ते सर्वत्र खरे असेलच असे नाही, पण नोंदच नसल्यामुळे खोटे ठरवण्याचीही सोय नाही.

टंचाईवर उपाय करण्याची रीतसर यंत्रणा आपल्याकडे जुनी आहे. ऑक्टोबर ते जून या काळाचे तीन टप्पे पाडून प्रत्येक तालुक्याचा टंचाई कृती आराखडा बनतो. त्यात विहिरी खोल करणे, त्यांतील गाळ काढणे, विंधन विहिरींची दुरुस्ती, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरत्या पूरक नळयोजना, खासगी विहिरींचे अधिग्रहण आणि शेवटी टँकर अशी कामे असतात. टँकर हा शेवटचा उपाय, पण आधीच्या दुरुस्त्या वेळेवर होत नाहीत म्हणून तोच पहिला होऊन बसतो. तालुक्याच्या टंचाई आढावा बैठकीला आमदार बसलेले असतात. गटविकास अधिकारी, पाणीपुरवठ्याचे उपअभियंता, महावितरणचे अभियंता असे सगळे तिथे एकाच वेळी हजर असतात. त्या बैठकीत जानेवारी ते मार्चच्या टप्प्यातील किती दुरुस्त्या मंजूर होत्या आणि किती झाल्या, एवढा एकच प्रश्न आमदारांनी चिकाटीने विचारला तर पुढचे निम्मे टँकर वाचतील. त्या प्रश्नाचा फोटो छापून येत नाही, ही त्यातली अडचण.

उन्हाळ्यातच होऊ शकते आणि नंतर होत नाही असे एक काम म्हणजे तलावांतला गाळ काढणे. आमच्या शिवारातला पाझर तलाव 1972 च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून उभा केलेला आहे. पन्नास वर्षांत त्यात एवढा गाळ साचला की सांडवा वाहिला तरी पाणी डिसेंबरपर्यंतच टिकते. तळ कोरडा पडल्याशिवाय पोकलेन आत जाऊ शकत नाही आणि मृगाचा पाऊस पडला की ते बाहेर काढावे लागते, म्हणजे हाती फार तर एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे महिना. राज्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 मध्ये आली आणि 2023 पासून ती पुन्हा राबवली जात आहे. तिच्यात अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांना गाळ शेतात नेण्यासाठी घनमीटरला 35 रुपये 75 पैसे अनुदान आहे, एकराला 15,000 रुपये आणि जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत 37,500 रुपये अशा मर्यादेत.

याचा साधा हिशेब करून पाहावा. तलावातून 10,000 घनमीटर गाळ निघाला तर तेवढीच जागा पाण्याला मिळते, म्हणजे एक कोटी लिटर, म्हणजेच दहा हजार लिटरच्या टँकरच्या एक हजार खेपा. दीड हजार वस्तीच्या गावाला 20 लिटरच्या निकषाने रोज तीन खेपा लागतात. साठलेल्या पाण्यातले निम्मे ऊन आणि जमीन पितात असे धरले (जमिनीने प्यालेले तर विहिरींनाच उतरते) तरी अख्खा उन्हाळा निभावतो, आणि टँकरचे बिल दर वर्षी नव्याने येते तसे हे काम पुन्हा दर वर्षी करावे लागत नाही. प्रत्यक्षात काय होते, तर यंत्र येते तेव्हा डिझेल नसते, डिझेल येते तेव्हा यंत्र दुसऱ्या तालुक्यात गेलेले असते, आणि ज्यांच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर आहे ते आपली शेते भरून घेतात. ज्या विधवा बाईचे दीड एकर मुरमाड रान आहे तिला अनुदानाचा अर्ज कोठे द्यायचा हेही माहीत नसते. काही ठिकाणी गाळाच्या नावाखाली खालचा मुरूम आणि वाळू उचलली जाते, वाळूउपशाला योजनेत स्पष्ट बंदी असूनही. या कामात आमदारांनी तळावर येऊन उभे राहिले पाहिजे, यंत्र कोणत्या तलावावर किती दिवस थांबेल याचे वेळापत्रक तहसीलदारांकडून जाहीर करून घेतले पाहिजे आणि लहान शेतकऱ्यांचे अर्ज भरून घेण्यासाठी आपले कार्यकर्ते कामाला लावले पाहिजेत. विवाह सोहळ्यात पंगती वाढणारे हेच तरुण हे काम उत्तम करतील.

एक अप्रिय गोष्टही लिहिली पाहिजे. आमच्या भागातील पाण्याचा प्रश्न पावसाइतकाच उसाने आणि खोल विंधन विहिरींनी बिकट केला आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 हा कायदा 2014 पासून लागू आहे आणि 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्याने निर्बंध आणले आहेत, पण सातशे-आठशे फूट खोल जाणारी बोअरची गाडी गावात आली की तिला थांबवणारा कोणी भेटत नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, याची वाहवा प्रत्येक आमदार भाषणात करतात, मग स्वतःच्या मतदारसंघात त्याच गोष्टीचा आग्रह धरायला मात्र कचरतात, कारण ऊस गाळणाऱ्या कारखान्याची आणि मतांची गणिते एकमेकांत गुंतलेली असतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हाही मराठवाड्यात उसाचे फड उभे होते.

लोकप्रतिनिधीने पाण्यासाठी चिकाटी धरली तर काय होते हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, आणि त्यातला बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे म्हणून नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारख्यांबरोबर त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून वर्षानुवर्षे तगादा लावला. त्यांच्या पक्षाचे विचार सर्वांना पटणारे नव्हते, मलाही सगळे पटत नाहीत, पण उन्हाळ्यातल्या टँकरऐवजी कायमच्या पाण्याची मागणी धरून बसणारा आमदार लोक पुन्हा पुन्हा निवडून देतात, एवढे त्यांच्या उदाहरणावरून म्हणता येते.

म्हणून माझी सूचना एकच आणि साधी आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार दिवशी ग्रामसभा घेतल्या जातात. यातली 1 मेची ग्रामसभा बरोबर टंचाईच्या ऐन मध्यावर येते. त्या सभेत आमदार व खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून आपल्या गावात मागील वर्षी कोणती कामे झाली, त्यांना किती रक्कम मंजूर झाली, कोणत्या यंत्रणेने ती केली आणि चालू वर्षासाठी कोणत्या कामांची शिफारस गेली आहे, याची यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) वाचून दाखवावी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. त्या यादीला जोडून गावाच्या टंचाई आराखड्यातील कामांची स्थितीही वाचावी. यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. ही सर्व माहिती जिल्हा नियोजन कार्यालयात आणि पंचायत समितीत तयार असते, आणि माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अशी माहिती कोणी मागण्याआधीच जाहीर करणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी एक परिपत्रक काढले तरी भागेल, आणि एखाद्या आमदाराने स्वतःहून सुरुवात केली तर परिपत्रकाचीही वाट पाहावी लागणार नाही.

हा निधीच नको, असे म्हणणारेही आहेत. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने आमदार-खासदार निधी बंद करण्याची शिफारस केली होती, तर सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2010 रोजी खासदार निधी घटनात्मक ठरवला. त्या वादात मी पडत नाही. निधी आहे तोवर तो दिसेल अशा ठिकाणी मांडला जावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

1 मेच्या सभेला माणसे येत नाहीत, लग्नसराई असते, असा आक्षेप लगेच येईल. तो खराही आहे. गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, ती होत नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नसल्यामुळे पुढच्या खेपेला चार डोक्यांत ठराव होतात. पण लोक येत नाहीत याचे एक कारण असे की तिथे त्यांच्या कामाचे काही नसते. शिवाय ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, जी आमच्याकडे बहुतेक वेळा रजिस्टर घरोघर फिरवून सह्यांपुरतीच पार पडते. ही यादी आधी त्या सभेत वाचावी आणि त्यासाठी आमदारांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने समोर बसावे. विहिरीवर रोज उभ्या राहणाऱ्या बायांना कोणता व्हॉल्व्ह गळतो, डीपी कोणत्या तारखेला जळाला आणि टँकर किती दिवस आला नाही हे लॉगबुक न उघडता सांगता येते.

आपला,
एक नियमित वाचक
बालाघाट परिसर, मराठवाडा