मुक्ताच्या जोडपदवीविषयी सुहासला पत्र

ऐरोली, नवी मुंबई
दि. १५ जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. मुक्ताला इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंग अशी जोडपदवी घ्यायची आहे आणि घरची वडीलधारी मंडळी ‘धड ना इकडचे, धड ना तिकडचे’ म्हणून तिला मागे खेचत आहेत, हे वाचले. मी स्वतः हीच पदवी घेतली आणि गेली बारा वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील वीज उपकेंद्रांच्या संरक्षण यंत्रणा तपासतो आहे, तेव्हा अनुभवातून जे उमगले तेवढेच लिहितो.

तिसऱ्या वर्षी १२ व्होल्टच्या डीसी मोटरचा वेग मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे एका चिपमधल्या छोट्या संगणकाने, स्थिर राखण्याचा प्रकल्प माझ्याकडे होता. मोटर जोडलेली नसताना प्रोग्रॅम बिनचूक चालत असे. मोटर जोडली की काही सेकंदांत बोर्ड रीसेट होई. तीन रात्री मी प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतील साहाय्यकांनी ऑसिलोस्कोपची (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाची) प्रोब मॉस्फेटच्या, म्हणजे मोटरचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, ड्रेन या टोकाला लावून दिली आणि मला नुसते ‘बघ’ म्हणाले. मॉस्फेट बंद होण्याच्या प्रत्येक क्षणी पडद्यावर सुईसारखा उंच शेंडा उठत होता. मोटरच्या गुंडाळीतला प्रवाह एकाएकी तोडला, तर गुंडाळी तो चालू ठेवण्यासाठी स्वतःच मोठे व्होल्टेज उभे करते. त्या प्रवाहाला फिरायला वाट देणारा फ्रीव्हीलिंग डायोड मी लावलाच नव्हता. तो मोटरला समांतर जोडला, शेंडा नाहीसा झाला आणि तोच प्रोग्रॅम, एकही अक्षर न बदलता, संध्याकाळपर्यंत चालत राहिला. केवळ प्रोग्रॅमिंग शिकलेला मुलगा तो दोष आपल्या प्रोग्रॅममध्येच शोधत राहिला असता, आणि केवळ विद्युत शिकलेल्याने बोर्ड बदलून पाहिला असता. दोष या दोहोंच्या सांध्यात होता, आणि ही पदवी त्या सांध्याकडे पाहायला शिकवते, असे मला मनापासून वाटते.

या सांध्याचा इतिहासही मोठा आहे. अमेरिकन गणितज्ञ आणि अभियंता क्लॉड शॅनन यांनी १९३६ साली मिशिगन विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन पदव्या घेतल्या. तिथेच त्यांची जॉर्ज बूल यांच्या तर्कगणिताशी ओळख झाली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) दोन संपर्क एकापुढे एक जोडले की ‘आणि’ होते, समांतर जोडले की ‘किंवा’ होते, आणि म्हणून कोणतेही तार्किक विधान तारांनी मांडता येते. आजच्या डिजिटल संगणकाच्या मांडणीचा पाया तिथे आहे, आणि तो घालणारा विद्यार्थी तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता.

आता माझ्या कामातला रिले पाहा. पूर्वी उपकेंद्रात चकती फिरून संपर्क जोडणारे रिले असत. आज तो रिले स्वतःच एक छोटा संगणक झाला आहे. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. तेवढ्या वेळात तो प्रवाहाचे अनेक नमुने घेतो, फूरिए गणिताने त्यातून मूळ लहर वेगळी काढतो आणि ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारा मोठा स्विच) उघडायचा की नाही हे ठरवतो. पण शॉर्टसर्किटसारखा मोठा दोष झाला की मोजणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा कधी कधी संपृक्त होतो (त्याची चुंबकत्व घेण्याची क्षमता संपते) आणि रिलेकडे लहरीचा कापलेला तुकडाच पोहोचतो. रिलेतील गणित अचूक असते, त्याला मिळालेले आकडे खोटे असतात. हे ओळखायला चुंबकत्वही लागते आणि अल्गोरिदमही, आणि ती दोन माणसे वेगवेगळ्या टेबलांवर बसली असतील तर अहवालावर नुसता वाद होत राहतो.

जोडपदवीला किंमत मोजावी लागते, हे मुक्ताला आधीच सांग. चार वर्षे चारच असतात. काही ठिकाणी उच्चदाब आणि विद्युतयंत्रे कापली जातात, काही ठिकाणी कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर). मला कंपायलर नोकरी लागल्यावर स्वतः शिकावा लागला. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम हातात घेऊन सिग्नल्स अँड सिस्टिम्स, विद्युतचुंबकत्व, कॉम्प्युटर आर्किटेक्चर आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे चारही विषय सक्तीचे आहेत का, आणि प्रयोगशाळेचे तास खरोखर होतात का, एवढे पाहा. यातले विद्युतचुंबकत्व वगळले असेल तर मी ती जागा घेणार नाही. आणखी एक: या पदवीची आद्याक्षरे ‘ईसीई’, पण आपल्याकडे ‘ईसीई’ म्हटले की बहुधा इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन समजतात, तेव्हा नुसत्या आद्याक्षरांवर विसंबून पर्याय भरू नका.

अर्ज भरण्यापूर्वी तिला एका रविवारी इकडे घेऊन ये. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल धरली की दिघा गावानंतर ऐरोली; मी स्टेशनवर घ्यायला येईन. माझ्याकडे एक जुना ऑसिलोस्कोप आहे आणि ती मोटरही मी जपून ठेवली आहे. डायोड काढून तो शेंडा तिला तिच्याच हाताने उठवू दे, मग लावू दे. तिने काय ठरवले ते त्यानंतर विचारू.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
प्रसाद