इंग्रजीचे पुस्तक मुलांनाच निवडू द्या

संपादक महोदय,

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आला की शाळांतील पुस्तकांच्या कपाटांची कुलुपे निघतात; पण इंग्रजीचे वाचन म्हणजे पाठ्यपुस्तकातला धडा, ही समजूत त्या दिवशीही ढळत नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही दहावीपर्यंत पोहोचलेल्या मुलाने आपल्या मर्जीने उचललेले एकही इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले नसते, हे मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवताना वर्षानुवर्षे पाहिले. शिक्षकाने उतारा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, फळ्यावर उत्तरे लिहायची आणि मुलांनी ती उतरवून घ्यायची, या क्रमात वाचतो तो फक्त शिक्षक.

निवृत्तीपूर्वी काही वर्षे मी शनिवारचा एक तास मुलांच्या आवडीच्या वाचनासाठी राखून ठेवला होता. नववीतल्या एका मुलीने पानाला दोनच ओळी असलेले चित्रपुस्तक उचलले, तेव्हा ‘हे लहान मुलांचे आहे’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले याचे आजही समाधान वाटते, कारण सहामाहीपर्यंत तिने तशी बरीच पुस्तके संपवली आणि मग आपणहून मोठ्या गोष्टींकडे वळली. एक मुलगा तीन पुस्तके अर्धवट सोडून सापांवरच्या चौथ्या पुस्तकात रमला. पुस्तक मध्येच सोडण्याची मुभा नसेल, तर ती निवड कसली?

अभ्यासक्रम मागे पडेल, ही सहकाऱ्यांची भीती मी समजू शकतो. मात्र दहावीच्या कृतिपत्रिकेतला अपठित उतारा पाठांतराने सुटत नाही, त्याला वाचनाचा सरावच लागतो. पुस्तकांचेही अडू नये. समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, त्यातून इंग्रजी पुस्तके घेताना मुलांची पसंती विचारावी. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर तर काठिण्यपातळीनुसार लावलेल्या गोष्टी विनामूल्य मिळतात आणि त्या छापूनही घेता येतात.

शिक्षण विभागाने असा एक तास वेळापत्रकात अधिकृतपणे द्यावा, मात्र त्याला गुण ठेवू नयेत. पहिल्या वर्षी मी प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहून मागितला, तेव्हा मुले आवडीचे पुस्तक सोडून सर्वांत पातळ पुस्तक शोधू लागली. सारांश बंद केल्यावरच ती पुन्हा कपाटासमोर रेंगाळू लागली.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक