टाकी क्रमांक ६१० आणि कीटकनाशकाची नोंदणी : केंद्रीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

विषय : कीटकनाशक बनवताना मधल्या टप्प्यावर तयार होणाऱ्या विषारी रसायनांच्या साठ्यावर कायद्याने मर्यादा घालण्याबाबत.

महोदय,

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २०२० मध्ये राज्यसभेत कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक मांडले गेले. जुन्या कायद्याच्या कलम ९(३) नुसार नोंदणी समिती दोन गोष्टी पाहते : औषध कीड मारते का, आणि ते माणसांना व जनावरांना सुरक्षित आहे का. ते बनवताना कारखान्यात काय साठवले जाते, हा प्रश्न दुसऱ्या खात्यांच्या दारात जातो. ही फट नव्या कायद्यात राहू नये, म्हणून हे पत्र. ती किती महागात पडते हे १९८४ ची भोपाळ वायुदुर्घटना जिच्या कारखान्यात घडली त्या युनियन कार्बाइड कंपनीच्या इतिहासातून दिसते.

ही कंपनी भारतात १९३४ साली आली ती कोलकात्यात, बॅटऱ्यांच्या धंद्यासाठी. १९६६ मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला देशातला पहिला नॅफ्था क्रॅकर (खनिज तेलातल्या नॅफ्थापासून रसायने बनवणारा कारखाना) तिनेच सुरू केला. अमेरिकेत ती १९५८ पासून ‘सेव्हिन’ नावाने कार्बारिल हे कीटकनाशक विकत होती आणि परसबागेतल्या भाज्यांपासून कापसाच्या शेतापर्यंत ते फवारले जाई. भोपाळला १९६९ मध्ये सुरुवात झाली ती आयात केलेल्या सेव्हिनमध्ये भुकटी मिसळून ते पॅक करण्यापासून. १९७५ मध्ये वर्षाला ५,००० टनांचा उत्पादन परवाना मिळाला. कार्बारिल बनवताना मधल्या टप्प्यावर लागणारे विषारी मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, आधी बाहेरून येई. १९८० पासून ते भोपाळमध्येच बनू लागले. शेतकऱ्याच्या हाती पडणारे औषध या सगळ्या काळात तेच राहिले. धोका वाढला तो कुंपणाच्या आत.

थोडा हिशेब मांडतो. एक टन कार्बारिलला सुमारे २८५ किलो एमआयसी लागते. परवान्याइतके पूर्ण उत्पादन धरले तरी रोजची गरज चार ते पाच टन. दुर्घटनेच्या रात्री एकट्या ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४१ टन एमआयसी होते, म्हणजे आठ-दहा दिवसांची बेगमी. आणि प्रत्यक्षात सेव्हिनचा खप घसरल्यामुळे उत्पादन परवान्याच्या बरेच खाली होते. मग इतका साठा कशासाठी? एमआयसीचे युनिट आणि कार्बारिलचे युनिट वेगवेगळ्या वेळी चालवता यावे, एक बंद पडले तरी दुसरे अडू नये, एवढ्यासाठी. सोय उत्पादनाची होती.

एमआयसी ३९ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाण्याशी संयोग झाला की उष्णता बाहेर पडते. उष्णतेने क्रियेचा वेग वाढतो, वेगाने आणखी उष्णता. म्हणून ते शून्य अंशाच्या आसपास ठेवायचे आणि ११ अंशांवर धोक्याची घंटा वाजायची, असा नियम होता. जून १९८४ मध्ये शीतकरण बंद करून त्यातला फ्रिऑन, म्हणजे थंडावा देणारे रसायन, काढून घेतला गेला. टाकी मग कायम ११ अंशांच्या वरच राहिली आणि त्या घंटेला अर्थ उरला नाही. बाहेरचे काही टाकीत शिरू नये म्हणून ठेवलेला नायट्रोजनचा दाब ऑक्टोबरपासून ६१० मध्ये टिकत नव्हता. वायू कॉस्टिक सोड्याने धुऊन काढणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता; असता तरी एवढा लोंढा त्याच्या क्षमतेबाहेरचा होता. सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे, म्हणजे फ्लेअरकडे, जाणाऱ्या गंजलेल्या पाइपचा तुकडा काढलेला, नवा बसवलेला नव्हता. सुमारे ३३ मीटर उंचीवरून वायू बाहेर पडत होता आणि पाण्याचे फवारे तिथवर पोहोचत नव्हते.

टाकीत पाणी कसे शिरले यावर आजही वाद आहे. लाइन धुताना व्हॉल्व्हच्या पुढे पाणी अडवणारी लोखंडी चकती, म्हणजे स्लिप ब्लाइंड, घातली नव्हती, असे एक म्हणणे. कोणीतरी मुद्दाम पाणी सोडले, असे कंपनीचे म्हणणे. आमच्या मते कायदा करणाऱ्याने या वादात अडकू नये. पाणी चुकून येवो की मुद्दाम, टाकीत ४१ टनांऐवजी ४० किलो असते तर २ डिसेंबर १९८४ च्या रात्री शहर मेले नसते. सुरक्षा यंत्रणा बंद पडू शकते, पैसे वाचवायला बंद केलीही जाते. जे टाकीत नाही ते मात्र गळू शकत नाही.

हे तेव्हाही शक्य होते. नॅफ्थॉल या कच्च्या मालाची आधी फॉस्जीन या विषारी वायूशी क्रिया करून मग मिथाइलअमाइन घातले तर एमआयसीशिवाय कार्बारिल बनते. कंपनीने स्वतः अमेरिकेत पूर्वी हीच पद्धत वापरली होती. (फॉस्जीन तिथेही असतेच, हे लपवण्यात अर्थ नाही, त्याच्याही साठ्याला मर्यादा हवी.) भोपाळनंतर ड्यूपाँटने टेक्सासमध्ये एमआयसी बनताक्षणी वापरून टाकण्याची व्यवस्था केली, त्यामुळे यंत्रात काही किलोच शिल्लक राही. युरोपने १९८७ मध्ये कडक नियमांसाठी एमआयसीची मर्यादा एक टनावरून १५० किलोवर आणली.

आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण कायदा, १९८७ ची कारखाने कायद्यातली दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांचे नियम झाले. त्यांचे मोल आम्ही जाणतो. पण साठा जाहीर करा, आराखडा करा, सराव घ्या, एवढ्यावर भर राहतो; साठाच कमी करा असे नोंदणी देताना कोणी बजावत नाही. लोटे, महाड, तारापूर यांसारख्या औद्योगिक वसाहतींना लागून आज वस्ती आहे. तिथल्या निरीक्षकाच्या हाती फाइल येते तेव्हा प्रक्रिया ठरून गेलेली असते, यंत्रे बसलेली असतात. बदल करायची खरी वेळ नोंदणीचीच.

म्हणून मागणी अशी. मूळ कीटकनाशक बनवण्याच्या नोंदणी अर्जात मधल्या टप्प्यावरच्या प्रत्येक विषारी रसायनाचा कमाल साठा लिहून घ्यावा आणि तो कामाच्या एका पाळीच्या (शिफ्टच्या) गरजेच्या वर जाऊ देऊ नये. जास्त हवा असेल तर तिथल्या तिथे बनवून वापरणे का जमत नाही, हे अर्जदाराने आकड्यांनिशी सिद्ध करावे. शीतकरण, स्क्रबर किंवा फ्लेअर बंद असेल तेवढा वेळ ते रसायन बनवण्यास आणि साठवण्यास मनाई असावी आणि तशी खबर त्याच दिवशी राज्याच्या यंत्रणेला, महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, जावी. एक युनिट थांबले की दुसरे थांबेल, खर्च वाढेल, अशी तक्रार उद्योग करतील. ती खरी आहे. तो खर्च औषधाच्या किमतीत धरावा, कुंपणापलीकडच्या वस्तीवर टाकू नये.

आणि कारखाना बंद होण्याची तरतूद नोंदणीच्या वेळीच व्हावी. कार्बारिलवर आपण २०१८ मध्ये बंदी घातली, पण भोपाळच्या आवारातला ३३७ टन कचरा तिथेच पडून होता. जानेवारी २०२५ मध्ये तो बारा बंद कंटेनरांतून मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला न्यावा लागला आणि पुढच्या महिन्यांत तिथे जाळावा लागला. तोवर कंपनी विकली जाऊन एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती आणि जमीन सरकारकडे आली होती. उत्पादन सुरू होण्याआधीच सफाईची अनामत रक्कम भरून घेतली, तर ती मालकाबरोबर निघून जाणार नाही. विधेयकाचा मसुदा अंतिम करण्यापूर्वी या दोन्ही तरतुदी त्यात घालाव्यात, ही विनंती.

आपले,
कीटकनाशक निर्मिती व औद्योगिक सुरक्षा क्षेत्रातील काही अभियंते आणि रसायनतज्ज्ञ