आण्णांच्या गाठीची गोष्ट नीट सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या फोनवर पाठवता आलं असतं. तरी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही आमच्या सोप्यात बसून जे समजावलंत त्याची गरज असलेली घरं कोल्हापूर जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक घराला असं माणूस भेटत नाही. नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई. वयानं माझ्यापेक्षा लहान आहात, पण मान द्यायला आमच्याकडं वय बघत नाहीत.

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला कॅन्सरची गाठ निघाली, तिचं ऑपरेशन कोल्हापुरातच झालं. स्कॅनमध्ये यकृताच्या उजव्या भागातही दोन गाठी दिसल्या. ‘लिव्हरला गाठ’ एवढंच गावात पोचलं आणि लोकांनी त्याचा अर्थ दारू असा लावून टाकला. आण्णा माळकरी. आषाढीची वारी चुकवली नाही, तंबाखूचं बोट कधी तोंडात घातलं नाही. अशा माणसाबद्दल पारावर कुणीतरी विचारलं, “लपूनछपून घेत होता काय ओ आण्णा?” त्या दिवसापासून ते पारावर जायचे बंद झाले. दुखण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं होतं. आम्ही घरातली माणसं त्यांना काय सांगणार? आतड्याचा एक आणि यकृताचा एक, असे दोन कॅन्सर झालेत असंच आम्हालाही वाटत होतं.

मुंबईच्या रुग्णालयात पहिल्यांदा गेलो तेव्हा तुम्ही भेटलात. आमचं बोलणं कानावर पडलं आणि “करवीर तालुक्यातले काय?” म्हणून थांबलात. तुम्ही शिवाजी विद्यापीठात शिकलेल्या, आता त्या रुग्णालयात संशोधनाचं काम करणाऱ्या. पहिलंच वाक्य तुमचं असं होतं, की मी डॉक्टर नाही, औषधाचं मी काही सांगणार नाही, रिपोर्टमध्ये लिहिलंय ते मात्र सांगू शकते. ही मर्यादा तुम्ही शेवटपर्यंत पाळलीत. त्यामुळंच तुमचा प्रत्येक शब्द आम्हाला भरवशाचा वाटला.

मग दिवाळीत गावी आलात तेव्हा मुद्दाम आमच्याकडं आलात. आतड्याकडून येणारं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी यकृतात जातं. आतड्याच्या गाठीतून सुटलेल्या पेशींना पहिला मुक्काम तिथंच मिळतो, म्हणून हा कॅन्सर सगळ्यात जास्त यकृतातच पसरतो, हे तुम्ही वहीच्या पानावर काढून दाखवलंत. निदान होतं तेव्हाच साधारण पाचातल्या एका रुग्णाला तो असा दुसरीकडं पसरलेला असतो, हेही सांगितलंत. आणि मग बायोप्सीच्या रिपोर्टवर बोट ठेवलंत: सीके-२० पॉझिटिव्ह, सीडीएक्स-२ पॉझिटिव्ह, सीके-७ निगेटिव्ह. यकृतातल्या गाठीच्या पेशी आतड्याच्या आहेत, हे त्या तीन खुणांवरून ठरलं होतं. आजार एकच. त्याचं मूळ आतड्यात. यकृतात गाठ दिसली म्हणून माणूस दारू पीत असणार, हा अर्थच चुकीचा.

हे तुम्ही आण्णांना सांगितलंतच, पण आमच्या थोरल्या चुलत्यांना जवळ बोलावून त्यांनाही ती ओळ दाखवलीत. चुलते गावात शब्द असलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आण्णांना घेऊन पारावर गेले. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगते.

दुसरं त्या इंजेक्शनचं. पै-पाहुण्यांतल्या एकांनी सांगितलं होतं, की त्यांच्या ओळखीच्या बाईला याच आजारात एक महाग इंजेक्शन दिलं आणि गुण आला. तुमचे डॉक्टर ते देत नाहीत म्हणजे काहीतरी गोम आहे. भाऊ तर रान विकायच्या गोष्टी करायला लागला होता. तुम्ही त्याला समोर बसवलंत. पेशीच्या अंगावर ईजीएफआर नावाचं प्रथिन असतं. बाहेरून वाढीचा संकेत आला की ते तो आत देतं, आणि आतमध्ये के-रास नावाचं प्रथिन तो पुढं नेतं. सेटुक्सिमॅब, पॅनिट्युम्युमॅब ही इंजेक्शनं बाहेरच्या ईजीएफआरला अडवतात. पण के-रासच्या जनुकातच बदल झाला असेल तर ते बाहेरच्या संकेताची वाट बघत नाही, आपलं चालूच राहतं. मग बाहेर कितीही अडवा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण ४० टक्के रुग्णांत हा बदल सापडतो, आणि आण्णांच्या तपासणीत तो सापडला होता. त्या बाईंच्या गाठीत नसेल, म्हणून त्यांना गुण आला असेल. डॉक्टर इंजेक्शन देत नव्हते कारण ते लागू पडणार नव्हतं. भाऊ त्यानंतर रानाचा विषय बोलला नाही. आमची जमीन आज आमच्याकडं आहे, त्याला ती तासाभराची बैठक कारण आहे.

ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाच्या सलाइननंतर थंड वस्तूला हात लागला की आण्णांच्या बोटांत मुंग्या यायच्या, घशात टोचल्यासारखं व्हायचं. हे औषधामुळं होतं, डॉक्टरांच्या कानावर घालाच, तोवर पाणी कोमट द्या, स्टीलचा तांब्या उघड्या हातानं धरू देऊ नका, हे तुम्ही आईला सांगितलंत. थंडीचे दिवस होते. आई अजून त्याची आठवण काढते.

आता तुमच्या कामाबद्दल.

गाठी लहान झाल्या, यकृताचं ऑपरेशन ठरलं, आणि तुम्ही संमतीचा कागद घेऊन आलात. आतड्यातून आधी काढलेली गाठ कोल्हापूरच्या लॅबमध्ये मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवलेली होती. यकृतातून निघणाऱ्या गाठीचा छोटा भाग मिळाला तर एकाच माणसाच्या दोन्ही गाठी शेजारी ठेवून बघता येतील, की इथून तिथं जाताना पेशींत कोणती जनुकं जास्त वाचली जायला लागली, कोणती कमी, आणि मायक्रोआरएनए नावाचे पेशीतले अगदी छोटे तुकडे किती बदलले. असे ठेवलेले जुने ब्लॉक कामाला येतात कसे, असं मी विचारलं होतं. फॉर्मालिन आणि मेण यांत लांब आरएनएचे तुकडे पडतात, पण मायक्रोआरएनए मुळातच इतके आखूड असतात की ते बऱ्यापैकी टिकून राहतात, असं तुम्ही म्हणालात. तेव्हापासून त्या मेणाच्या वडीकडं बघायची माझी नजर बदलली. ज्या घरांत असं ऑपरेशन झालंय त्यांना मी आता सांगते, ब्लॉक कुठं आहे त्याची नोंद ठेवा, पुढच्या तपासण्यांना तो लागतो.

आण्णांनी विचारलं, “पोरी, ही मायक्रो भानगड हाय तरी काय?” सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात, तुम्ही सांगू लागलात, आतड्याच्या पेशीत काही वाचली जातात, यकृताच्या पेशीत दुसरी. वाचलेल्या जनुकाची आरएनए नावाची नक्कल निघते, तिच्यावरून प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचाच जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा. तो त्या नकलेला चिकटतो आणि प्रथिन बनू देत नाही, किंवा कमी बनू देतो. आण्णा थोडं थांबून म्हणाले, “म्हंजे पाटाला पाणी आलंय, पर दारं धरणारा सरीच्या तोंडाला चिखल लावतोय.” तुम्ही केवढ्या खूश झालात! आणि लगेच पुढं जोडलंत, की एकच दारं धरणारा कितीतरी सऱ्या सांभाळतो, म्हणून एक मायक्रोआरएनए बिघडला तर बऱ्याच जनुकांचं गणित बिघडतं.

मग आण्णांच्या भाषेतच सगळं सुरू झालं. मिर-२१ नावाचा मायक्रोआरएनए आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढलेला सापडतो. पीडीसीडी-४ आणि पीटेन ही गाठीला आवरणारी प्रथिनं तो कमी करतो, म्हणजे नको त्या सरीचं पाणी तोडतो. मिर-२००-सी हा पेशींना एकमेकींना धरून राहायला मदत करतो. तो कमी झाला की पेशी सुट्या होऊन निघतात, आणि यकृतात जाऊन पुन्हा गाठ धरताना काही अभ्यासांत तो परत वाढलेला दिसलाय. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. ज्या आजारानं आमची झोप उडवली होती त्याच्यामागं एवढी बारीक यंत्रणा आहे, आणि ती कुणीतरी धीर धरून उलगडतंय, याचा मला फार आधार वाटला.

मिर-१२२ बद्दल सांगितलेलं मी कधी विसरणार नाही. यकृताच्या गाठीत तो भरपूर सापडला की एखाद्याला वाटेल, मोठा शोध लागला. पण निरोगी यकृताच्या पेशींतच तो सगळ्यात जास्त असतो. नमुन्यात शेजारच्या यकृताचा थोडा भाग आला तरी आकडा फुगतो. म्हणून गाठीचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघून वेगळा काढावा लागतो. मिर-१४३ आणि मिर-१४५ यांचंही तसंच: गाठीत ते कमी दिसतात हे २००३ पासून माहीत होतं, पुढं कळलं की ते मुख्यतः आतड्याच्या आधाराच्या ऊतींत, स्नायूंच्या पेशींत असतात, नमुन्यात त्या पेशीच कमी आल्या तरी आकडा खाली येतो. स्वतःच्याच आकड्यांवर एवढा संशय घेणारी माणसं आण्णांच्या गाठीवर काम करताहेत, हे कळल्यावर सही करताना मनात किंतू राहिला नाही.

सहीआधी आण्णांनी सरळ विचारलं, “ह्याचा मला उपेग हुईल का?”

तुम्ही म्हणालात, “नाही आण्णा. तुमच्या उपचारात यानं काही बदलणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी ऑपरेशन तसंच होईल, उपचार तसेच मिळतील.”

आण्णांनी कागद पुढं ओढला. घरी येताना महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये ते मला म्हणाले, की हो म्हणाली असती तर मी सही केली नसती. तुम्हाला हे तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. आशा दाखवून सही घेणं किती सोपं होतं! आम्ही कशालाही हो म्हणालो असतो, अशी आमची अवस्था होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी नोबेल जाहीर झालं, तेव्हा तुम्ही पाठवलेला आवाजी निरोप मी आण्णांना ऐकवला. १९९३ मध्ये एक मिलिमीटरच्या कृमीत हा पहिला तुकडा सापडला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं बहुतेकांना वाटत होतं की हे त्या कृमीपुरतंच आहे. २००० मध्ये दुसरा तुकडा सापडला, तो माणसातही निघाला. आण्णांनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला.

त्या बातमीनंतर लोकांनी आम्हाला मायक्रोआरएनएच्या रक्ततपासण्यांच्या जाहिराती पाठवायला सुरुवात केली. आजार परत येणार का ते एका थेंबात सांगतो, असा त्यांचा दावा. तुमचाच विषय, तुम्हाला कौतुक वाटायला हरकत नव्हती. पण तुम्ही स्पष्ट सांगितलंत, की या आजारात आज उपचार के-रास, एन-रास, बी-रॅफ आणि एमएसआय या गाठीच्या जनुकांच्या तपासण्या बघून ठरतात, मायक्रोआरएनए बघून नाही. काही शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि सीईएची, म्हणजे आजार परत येतोय का ते बघायची रक्ताची तपासणी चुकवू नका. हे वाचणाऱ्या घरांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आण्णांचं म्हणाल तर जखम भरली आहे. उरलेलं यकृत स्कॅनमध्ये चांगलं वाढलेलं दिसलं. तीन-तीन महिन्यांनी सीईए बघतात. गाठी काढल्यावर बरेच जण पाच वर्षांच्या पुढं जातात, आणि बऱ्याच जणांत आजार परत डोकं वर काढतो, ही दोन्ही वाक्यं डॉक्टरांनी आमच्यासमोर एका दमात सांगितली होती. आण्णा ती दोन्ही धरून आहेत. सकाळी रानात चक्कर मारतात, पाणी मात्र आता भाऊ पाजतो.

ताई, त्या मेणाच्या वडीतून आणि यकृताच्या तुकड्यातून काही निघालं तर कळवा. काहीच निघालं नाही तरी तसं कळवा, आण्णांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय. गुऱ्हाळं सुरू झाली आहेत. डिसेंबरात येणार असाल तर आधी फोन करा, भाऊ तुम्हाला घ्यायला स्टेशनवर येईल.

आपली,
आण्णांची थोरली लेक