क्रेन उलटली की गुन्हा चालकावरच का?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात क्रेनच्या अपघाताची बातमी आली की मी आधी शेवटची ओळ वाचतो आणि तिथे बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, चालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल. पूर्वी कलम ३०४ अ असायचं, आता नव्या कायद्यात १०६ झालं, बाकी बातमी तीच. मी भोसरीत क्रेन भाड्याने देणाऱ्या एका कंपनीची ब्रांच ११ वर्षं सांभाळतोय, यार्डात हायड्रापासून (माल उचलून चालत नेणारी छोटी क्रेन) ८० टनाच्या टेलिस्कोपिकपर्यंत (बूम आत-बाहेर होणारी मोठी क्रेन) गाड्या आहेत, आणि अनुभवाने सांगतो, ऑपरेटर लिव्हरला हात लावतो तोपर्यंत बऱ्याच चुका आधीच होऊन गेलेल्या असतात.

आमच्याकडे फोन येतो तो असा, "उद्या सकाळी आठला १४ टनाची हायड्रा पाठवा, रेट काय लावणार?" माल किती वजनाचा, किती उंच न्यायचा, गाडी मालापासून किती लांब उभी राहणार हे कोणी आपणहून सांगत नाही, आम्ही विचारलं तर वैतागतात, म्हणतात दुसरा काही न विचारता पाठवतोय, तुम्हीच कशाला एवढी चौकशी करता. आता १४ टन हा आकडा कधीचा, तर बूम (क्रेनचा माल उचलणारा लांब दांडा) पूर्ण आत, माल पुढच्या टायरच्या अगदी जवळ आणि जमीन सपाट घट्ट असेल तेव्हाचा. बूम बाहेर काढत गेलं की ताकद झपाट्याने उतरते, माल घेऊन गाडी वळवली किंवा उतारावर नेली की अजून कमी, हे सगळं केबिनमधल्या लोड चार्टवर, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलायचं त्या तक्त्यावर, लिहिलेलं असतं पण चार्ट बघायचा तर वजन माहीत पाहिजे ना, आणि नेमकं तेच कोणाला माहीत नसतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. एका कारखान्यात प्रेस मशीन हलवायचं होतं, पार्टी म्हणाली ८ टन आहे, मशीनच्या प्लेटवरही तेवढंच होतं. पण आत डाय (प्रेसमधला जड लोखंडी साचा) तशीच बसवलेली, तिचं वजन कोणी धरलंच नाही. मशीन जमिनीपासून वीतभर उचललं आणि हायड्राची मागची चाकं वर आली. आमचा ऑपरेटर जुना माणूस, त्याने लगेच पण सावकाश माल खाली टेकवला. तिथला सुपरवायझर काय म्हणावा, मागे चार पोरं उभी करा म्हणजे वजन बॅलन्स होईल! हे मी पहिल्यांदा ऐकलेलं नाही, बऱ्याच ठिकाणी खरोखर माणसं उभी करतात, आणि गाडी उलटली तर पहिली तीच जातात. ऑपरेटरने मला फोन लावला, मी सांगितलं माल सोड, गाडी परत आण. पार्टीने त्या दिवसाचे पैसे दिले नाहीत, पुढचं कामही तुटलं, वरून हेड ऑफिसने मला विचारलं टार्गेटचं काय. मला त्याचं वाईट वाटलं नाही, चार पोरं घरी गेली ना.

आमच्या भागात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे मशीन शिफ्टिंगची कामं सगळी गुरुवारीच, वीस फोन आणि गाड्या बारा, अशा दिवशी "नाही" म्हणणं किती अवघड असतं ते या धंद्यातल्या माणसालाच कळेल. जमिनीचंही तसंच, वरून काँक्रीट छान दिसतं आणि खाली ड्रेनेजचं चेंबर असतं, आउटरिगरच्या (क्रेन स्थिर ठेवायला बाजूला काढायचे टेकू) पायाखाली लाकडी स्लीपर टाकायचेच पण चेंबर कुठे आहे हे जागेच्या मालकाने सांगायला नको का? शेड बुटकी असली की हुक वर जात नाही, मग माल हुकाला अडकवायचे पट्टे फाकवून लावतात. दोन पट्टे सरळ उभे असले तर १० टन मालाचे प्रत्येकावर ५ टन येतात, तेच पट्टे फाकून जमिनीशी ३० अंशावर आले की प्रत्येकावर पूर्ण १० टन, हे शाळेतलं गणित आहे, पण पट्टा तुटला की लोक म्हणतात माल हलका होता, पट्टाच खराब.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २९ मध्ये लिहून ठेवलं होतं की उचलण्याच्या यंत्राची, साखळ्या-दोरांची वर्षातून निदान एकदा सक्षम माणसाकडून कसून तपासणी झाली पाहिजे आणि ठरलेल्या वजनापेक्षा जास्त उचलायचं नाही. आमचं सर्टिफिकेट गेटवर बघतात, त्याशिवाय गेटपास मिळत नाही, चांगलंच आहे. पण त्याच गेटवर मालाच्या वजनाचा कागद मात्र कोणी मागत नाही.

विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये १ ऑगस्ट २०२० ला क्रेनची लोड टेस्ट चालू असताना ती कोसळून ११ जण गेले. बरोबर तीन वर्षांनी, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे आपल्या शहापूरजवळ समृद्धीच्या पुलाचा गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर उचलून बसवणारं अवजड यंत्र) कोसळला, २० कामगार गेले. एवढी मोठी कामं एका लिव्हरवर चालत नाहीत, त्यामागे डिझाइन, तपासणी, परवानगी, देखरेख करणारी कितीतरी माणसं असतात.

म्हणून तुमच्या वार्ताहरांना कळकळीची विनंती आहे, पुढच्या वेळी क्रेनची बातमी करताना फक्त पोलीस स्टेशनला फोन करून थांबू नका. वजन कोणी सांगितलं आणि कागदावर दिलं होतं का, जमीन कोणी बघितली, इशारे द्यायला शिकलेला माणूस होता का नुसता हेल्पर, आणि ऑपरेटर नको म्हणाला असेल तर त्याला कोणी रेटलं, हे विचारा आणि छापा. ब्रांच मॅनेजरलाही विचारा, मलाही विचारा. आम्ही यंदापासून वजन, उंची आणि अंतर लिहून सहीचा कागद आल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढत नाही, काही पार्ट्या त्यामुळे गेल्या, काही आता फोनवर आधी वजनच सांगतात.

आपला,
एक ब्रांच मॅनेजर, भोसरी एमआयडीसी