मित्रास पत्र: बाहुली पोरांच्या हातात दे

प्रिय भावड्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. बाहुल्या म्हणजे बालवाडीचं काम, पाचवी-सहावीला त्यांचं काय करू असं विचारतोयस, फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहायला बसलो, जरा लांबेल.

भूगोलापासून सुरू कर. तुझ्या पोरांना धुळ्यात पांझरा नदी रोज दिसते, पण पुढं जाते कुठं विचार, निम्मा वर्ग गप्प बसेल. आम्ही जुन्या मोज्यांच्या बाहुल्या केल्या, एकेक बाहुली म्हणजे एकेक नदी. तापी मुलताईहून निघाली, चांगदेवला पूर्णा येऊन मिळाली, मग वाघूर, गिरणा, बोरी, शेवटी तुमची पांझरा. आपला नंबर आला की उठायचं आणि आपण कुठून आलो, वाटेत कोणती गावं लागली ते सांगायचं. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक पोरगी, तापी हातात घातली आणि सरळ अहिराणीत सुरू झाली, "मनं नाव तापी, मी सुरतले जास"! तापीची लांबी 724 किलोमीटर, हा आकडा मग कुणाकडून पाठ करून घ्यावाच लागला नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं बघ, घरी अहिराणी बोलणारं पोरगं प्रमाण मराठीत चुकू या धाकानं गप्प राहतं, पण इथं चुकली तर बाहुली चुकते, मग ते बिनधास्त बोलतं. नंतर तेच वाक्य दुसऱ्या बाहुलीकडून प्रमाण मराठीत बोलून घे, भाषेचा तास तिथंच झाला.

विज्ञानाला सावलीच्या बाहुल्या. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापायचा, झाडूची काडी चिकटवायची, पांढरं धोतर ताणून बांधायचं आणि मागून मोबाइलचा टॉर्च. टॉर्चपासून पडदा 4 फूट ठेव, बाहुली 2 फुटांवर धरली की सावली दुप्पट, 1 फुटावर धरली की चौपट. पोरं स्वतः पट्टी लावून मोजतात, प्रकाश सरळ रेषेत जातो तेही कळतं आणि गुणोत्तरही होऊन जातं. कागदाला तेल लावून अर्धपारदर्शकही दाखव.

एक मात्र ऐक, बाहुली तू नाचवू नकोस. सर नाचवतात आणि पोरं टाळ्या वाजवतात, त्यात शिकणं फार होत नाही. कापणं, शिवणं, संवाद लिहिणं सगळं त्यांच्यावर सोड, वर्ग गोंगाटाचा होईल, होऊ दे.

दोरीच्या बाहुल्या लगेच नको, गुंता फार होतो. त्यासाठी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्यांचा व्हिडिओ दाखव, तिथल्या परशुराम गंगावणेंना 2021 ला पद्मश्री जाहीर झाली. आणि दिल्लीचं सीसीआरटी, म्हणजे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, शिक्षकांना याचं ट्रेनिंग देतं, आपण दोघं अर्ज करूच.

रविवारी अमळनेरला ये. पत्रिका मी जमवून ठेवतो, मोजे तू आण, आणि पांझरेचे संवाद तुझ्या पोरांकडून आधीच लिहून घे.

तुझाच,
दोस्त